माझ्या पोटाचं गाऱ्हाणं

आमच्या गावात गाऱ्हाणं घालायचा मान माझ्याकडे आहे. कुणाचं लग्न जमत नाही, कुणाची म्हैस आटली, कुणाचा मुलगा दुबईला गेल्यापासून फोन घेत नाही, असं काही झालं की माणूस नारळ घेऊन देवळात येतो. मग मी रवळनाथापुढे उभा राहतो आणि त्याचं दुःख मोठ्या आवाजात देवाच्या कानावर घालतो. माझ्या प्रत्येक वाक्याला जमलेली मंडळी 'व्हय म्हाराजा' म्हणतात. काम एवढंच, पण त्याला आवाज लागतो आणि लाज बाजूला ठेवावी लागते. गाऱ्हाण्यात आडपडदा चालत नाही. नाव, दुखणं, झालेली चूक, सगळं स्पष्ट सांगायचं. ज्याचं गाऱ्हाणं असतं तो बहुतेक वेळा मान खाली घालून फरशीकडे बघत असतो. मला त्या माणसांचं नवल वाटायचं. देव समोर बसलेला असताना फरशीत काय शोधतात ही माणसं, असं मी काशीला घरी येऊन विचारायचो.

काशी म्हणजे माझी बायको, काशीबाई. तिच्यापासून मी एकच गोष्ट लपवली होती, ती म्हणजे मला परसाकडे होत नसे. आठ-आठ, दहा-दहा दिवस नाही. आता हसू नका. तिला संशय येऊ नये म्हणून मी रोज सकाळी ठरल्या वेळेला संडासात जाऊन बसायचो, खाकरायचो, नळ सोडायचो आणि मोकळा झाल्यासारखा चेहरा करून बाहेर यायचो. तरुणपणी परदेशी जाणाऱ्या बोटींवर खलाशी होतो, नाना बंदरांची नाना माणसं पाहिली, पण एवढं बेमालूम नाटक मी कुठे पाहिलं नव्हतं. देवगडच्या वैद्याकडून आडून आडून चूर्णं आणायची, एरंडेल प्यायचं आणि वर 'सांधे दुखतात म्हणून घेतो' असं सांगायचं, असा कारभार कित्येक वर्षं चालला.

पोट मात्र खोटं बोलेना. ते पुढे येत गेलं. चहाच्या टपरीवर लवू विचारायचा, "भाईनु, कितवो म्हयनो?" मला सगळं गाव भाई म्हणतं. हा लवू माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, आवाज माझ्याहून मोठा आणि अक्कल बेतास बात. मी कधी आजारी पडतो आणि गाऱ्हाणं घालायला आपण कधी उभे राहतो याची तो बरीच वर्षं वाट बघत होता.

ती वेळ दसऱ्याला आली. सोनं लुटायच्या आधी गावाचं गाऱ्हाणं असतं. अख्खा गाव देवळापुढे उभा, मी मध्यावर आलेलो, आणि पोटात असा पीळ पडला की डोळ्यांपुढे अंधार झाला. पुढचं वाक्य तोंडातच राहिलं आणि मी खाली बसलो, मग आडवा झालो. मागून लवूने वाक्य उचललं. गाऱ्हाणं अर्धवट राहू नये हे खरंच, पण मी जमिनीवर लोळत असताना त्याने ते एवढ्या हौसेने पुरं करायला नको होतं.

रुग्णवाहिकेतून मला गोव्याच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिथे डॉ. रश्मी म्हणून एक बाई होत्या, माझ्या मुलीच्या, किशोरीच्या वयाच्या. त्यांनी पोटाचा फोटो बघितला आणि माझ्याकडे न बघता पहिला प्रश्न केला, "काका, शौचाला किती दिवसांनी होतं?" काशी उशाशी उभी होती. मी म्हणालो, "रोज." डॉक्टरांनी फोटो माझ्यापुढे धरला. "रोज होणाऱ्या माणसाचं आतडं असं नसतं," त्या म्हणाल्या. काशीने एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग माझ्या पोटात फुगून दुधीभोपळ्याएवढा झाला होता. त्याच्या वजनानेच तो गरकन फिरला आणि त्याला पीळ पडला. त्याच दिवशी पोट उघडलं. काळा पडत चाललेला तेवढा भाग कापून काढला, खालचं टोक शिवून बंद केलं आणि वरच्या चांगल्या आतड्याचं तोंड पोटाच्या डाव्या बाजूला बाहेर काढलं. त्यावर पिशवी चिकटवली. शुद्धीवर आलो तेव्हा हात सहज पोटाकडे गेला, तर हाताला काहीतरी गरम आणि जड लागलं. ते काय आहे हे कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा मी भिंतीकडे तोंड केलं आणि रडलो. मरण आलं असतं तरी मला एवढं वाईट वाटलं नसतं.

त्या पिशवीचं एक आणखी होतं. एरवी कुठे बसायचं आणि केव्हा, ते निदान माणसाच्या हातात असतं. ते तोंड मात्र कुणाचं ऐकत नाही. मनाला येईल तेव्हा पिशवी भरतं, मनाला येईल तेव्हा आवाज करतं. भेटायला माणसं आली की मी मोठमोठ्याने बोलत राहायचो, म्हणजे तो आवाज झाकला जाईल. काशी पिशवी बदलायला पुढे झाली की तिचा हात बाजूला करायचो. नर्सकडून शिकून घेतलं आणि दार लावून स्वतःच बदलू लागलो.

चौथ्या-पाचव्या दिवशी डॉ. रश्मी खुर्ची ओढून बसल्या. "काका, तुम्ही कधी दक्षिण अमेरिकेत होतात का?"

मी काही म्हणायच्या आत काशी बोलली, "ब्राझीलाक हुते. आमची किशोरी पोटात हुती तेवा."

"तिथे काही झालं होतं?"

झालं होतं. सांतुस बंदरात साखरेची पोती चढवताना साखळी तुटली आणि माझी मांडी वरपर्यंत फाटली. तिथल्या लोकांनी उचलून दवाखान्यात नेलं, रक्त चढवलं, म्हणून वाचलो. डॉक्टरांनी मान हलवली. त्या म्हणाल्या, तिकडे मातीच्या भिंतींच्या फटींत ढेकणाच्या जातीचा एक मोठा किडा असतो. तो चावला की त्याच्या घाणीतून एक बारीक जंतू अंगात जातो. ज्याच्या रक्तात तो जंतू आहे त्याचं रक्त दुसऱ्याला दिलं तर त्यालाही लागतो. आजाराचं नाव चागास. तो वर्षानुवर्षं गप्प बसतो आणि आतड्याला ढकलायला लावणाऱ्या नसा एकेक करून मारतो. मग आतडं ढकलत नाही, नुसतं फुगत जातं. "तुमची काही चूक नाही यात," त्या म्हणाल्या. "रक्त बाहेर तपासायला पाठवू. आणि खबरदारी म्हणून काकींचंही एकदा तपासून घेऊ."

इथे सगळं बिघडलं. बिचाऱ्या डॉक्टरबाईंना काय ठाऊक?

आमच्या किनाऱ्यावरची माणसं दोन-तीन पिढ्या बोटींवर जातात. त्यातली काही परदेशातून नको ते दुखणं घेऊन येतात. घरी आल्यावर ती सगळी एकच गोष्ट सांगतात. तिकडे अपघात झाला, रक्त चढवलं, त्या रक्तातून लागलं. मग डॉक्टर म्हणतो, बायकोचंही रक्त तपासा. काशीची सख्खी मावशी मथुरा, तिचा नवरा हेच सांगत सांगत वारला, आणि मावशीने ते शेवटपर्यंत मानून घेतलं. आता माझ्या बाबतीत ते शब्द न् शब्द खरं होतं, आणि शब्द न् शब्द तेच होतं.

काशीने पदर तोंडावर घेतला आणि हात पुढे केला. सुई टोचली तरी 'स्' सुद्धा म्हणाली नाही.

नंतर मी म्हटलं, "गो, खराच रगतातसून लागला ता."

"बरां," ती म्हणाली.

मांडीवरचा वण दाखवून मी माझी बाजू मांडायला गेलो. पण तो वण इतक्या वर आहे की बाजू सावरायच्या ऐवजी आणखीच पडली.

घरी परतताना भाड्याची गाडी केली होती. इन्सुलीच्या नाक्यावर गोव्याहून येणाऱ्या गाड्या थांबवून दारूसाठी तपासतात. एक तरुण शिपाई खिडकीतून डोकावला. माझ्या सदऱ्याखाली डावीकडे फुगवटा. "काका, शर्टाखाली काय आहे?" त्याने अदबीनेच विचारलं.

"हर्निया," मी म्हणालो.

तेवढ्यात फुगवट्याने आवाज केला. तो पोरगा गोंधळला. हर्निया आवाज करत नाही हे त्यालाही माहीत असावं. मागे गाड्यांची रांग, शेजारच्या गाडीत पर्यटकांचं कुटुंब, आणि मी सदरा वर केला. "सॉरी काका," म्हणून तो दोन पावलं मागे सरला. त्याच्या तोंडावरची लाज माझ्याहून जास्त होती. काशीने सदरा खाली ओढला, बटणं लावली, नीट चापून बसवला. सगळं केलं, फक्त माझ्या तोंडाकडे बघितलं नाही.

गावात मी सगळ्यांना हर्नियाचं ऑपरेशन झालं असंच सांगितलं. पण गाडीवाला आमच्याच वाडीतला. नाक्यावर तो कागद दाखवायला उतरला होता म्हणून पिशवी त्याला दिसली नाही, पण वाटेत मी काशीची समजूत घालताना 'ब्राझील' एवढा एक शब्द त्याने ऐकला होता, आणि आमच्या गावाला तेवढा पुरतो. रक्ताचा निकाल आला, माझ्यात जंतू निघाला, काशीच्यात नाही, पण तेवढ्याने तिचा संशय गेला नाही. तोवर टपरीवर माझं सगळं चरित्र तयार झालेलं होतं. मी दिसलो की लवू डोळा मारायचा, "काय भाईनु, ब्राझील!" म्हातारेकोतारेही हसायचे.

आता जे सांगतो ते सांगायला पिशवीपेक्षाही जड जातंय. मला ते बरं वाटायचं. हागण्याचं दुखणं असण्यापेक्षा बाईचं दुखणं असलेलं बरं, असं माझ्या मनाने घेतलं. त्यात निदान काही पुरुषार्थ होता. मी नाही म्हणायचो नाही, हो म्हणायचो नाही, नुसती मिशी पुसायचो. हा विनोद फिरत फिरत आमच्या विहिरीपर्यंत जातो आणि तिथे काशी पाणी काढत असते, हे मी ध्यानातच घेतलं नाही. ती विहिरीवर दुपारी, कुणी नसताना जाऊ लागली होती. मला वाटलं, ऊन पडल्यावर कपडे लवकर वाळतात म्हणून.

घरात ती वेळेवर जेवायला वाढायची, पेज मऊ करून द्यायची, औषधाची आठवण करायची. बोलायची मात्र कामापुरतं. तिने भांडावं म्हणून मी मुद्दाम भात अळणी आहे असं म्हणालो, तर मिठाची वाटी पुढे ठेवून निघून गेली. लग्नाला चाळीस वर्षं झाली, काशी मला कधी घाबरली नाही की कधी गप्प बसली नाही. तिचं ते गप्प बसणं मला खायला उठायचं.

शिमग्याच्या आधी गोव्याला तपासणीला गेलो तेव्हा डॉ. रश्मींनी दुसऱ्या ऑपरेशनची तारीख दिली. हे मोठं होतं. फुगलेलं उरलंसुरलं आतडं काढायचं, वरचं चांगलं आतडं खाली आणायचं, जुन्या गुदमार्गाच्या पाठीमागून उतरवून तिथे जोडायचं. "पायजम्यात नाडी ओवतो ना, तसं," त्या म्हणाल्या. सगळं जमलं तर पुढे पिशवीची गरज उरणार नव्हती. या वयात धोका आहे, तेही त्यांनी सांगितलं. काशीने सगळं ऐकून घेतलं आणि येताना गाडीत एवढंच म्हणाली, "देवळात नारळ ठेवूक व्हयो."

ठरल्या सकाळी ती नवी साडी नेसून निघाली. मी तिच्या मागे. पण मी पायरी चढलो नाही. पोटावर घाण बांधून देवापुढे कसा जाणार? बाहेर तुळशीपाशी, खांबाच्या आडोशाला उभा राहिलो. आत वीस-पंचवीस माणसं जमली होती, शिमग्याची मीटिंग होती म्हणून. बायका एका बाजूला होत्या. गाऱ्हाणं घालायला अर्थातच लवू.

"बा देवा रवळनाथा!" लवूचा आवाज घुमला.

"व्हय म्हाराजा!"

"आज ही तुजी लेक काशीबाय नारळ घेवन तुज्या पायाकडे इली हा."

"व्हय म्हाराजा!"

"हिचो घोव आजारी आसा. परमुलखात, तरण्यापणी, तेचो खंय पाय घसरलो आसात..."

"व्हय म्हाराजा!" यावेळी आवाज जरा जास्त मोठा आला. कुणीतरी हसू दाबलं.

"...तर ती चूक ही बापडी आपल्या पदरात घेता. तेका शिक्षा करतलंस तर ती हिका कर, पण तेका ऑपरेशनातसून सुखरूप घराक घेवन ये रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

हे शब्द लवूचे नव्हते. लवूला एवढं सुचत नाही. ते काशीने त्याला सांगितलेले होते, कारण गाऱ्हाण्यात आडपडदा चालत नाही हे ती माझ्याकडूनच शिकली होती. मी खांबाआडून बघितलं. माझी काशी, जिने आयुष्यात कुणापुढे मान वाकवली नाही, ती गावासमोर फरशीकडे बघत उभी होती. मी न केलेली चूक तिने माफ केली होती, वर स्वतःच्या डोक्यावर घेतली होती. आणि मी टपरीवर मिशी पुसत होतो. मला माझी इतकी शरम वाटली की पोटावरच्या घाणीचं काही वाटेनासं झालं.

मी पायऱ्या चढलो.

"थांब, लवू. गाऱ्हाणां चुकीचां झाला."

लवू बाजूला झाला. मी देवापुढे उभा राहिलो. दसऱ्यापासून आवाज वापरला नव्हता, तो आधी फाटला, मग लागला.

"बा देवा रवळनाथा! आजपर्यंत सगळ्यांची गाऱ्हाणी तुज्या कानार घातलंय, आज माजां घालतंय."

मंडळी एकमेकांकडे बघू लागली.

"माजो पाय खंयच घसराक नाय. सांतुस बंदरात साखळी तुटली, मांडी फाटली, मरणार हुतंय. थंयल्या माणसांनी रगात दिल्यानी. त्या रगतात रोग हुतो. तो माज्या आतड्यात बसान ऱ्हवलो. माका धा-धा दिवस परसाकडे होय नाय देवा! रोज सकाळी संडासात नुसतो बसान येय आणि बायलेक फसवी. पोट फुगला ता तेनी. हर्निया-बिर्निया काय नाय. डॉक्टरनी आतडां कापल्यानी, आणि आता माज्या पोटार पिशी आसा, आणि त्या पिशीत गू आसा!"

मागे कुणीतरी खोकलं. माझे कान तापले होते, पण आता थांबणं शक्य नव्हतं.

"लोक ब्राझील म्हणान हसले तेवा मी गप ऱ्हवलंय. परसाकडच्या दुखण्यापरीस बायलमाणसाचा दुखणा माका बरां वाटला. तेची लाज माज्या ह्या बायलेन सोसली. चूक आसा ती हीच, आणि ती माजी आसा. ती हिच्या पदरात घालू नको रे म्हाराजा!"

संपलं. आता मंडळींनी म्हणायचं असतं. पण देवळात चिटपाखरू नसल्यासारखी शांतता. लवू तोंड उघडं टाकून उभा. आणि त्या शांततेत माझ्या पोटावरच्या त्या तोंडाने, ज्याला ना देव कळतो ना देऊळ, भला मोठा लांबलचक आवाज केला. सगळ्या गावाने ऐकला. वाटलं, भुई दुभंगून मला पोटात घेईल तर बरं.

"व्हय म्हाराजा!"

आवाज बाईचा होता. आमच्याकडे हे पुरुषांनी म्हणायचं असतं, बायका म्हणत नाहीत. काशी म्हणाली होती. खणखणीत, तिच्या भांडणाच्या आवाजात. असलं गाऱ्हाणं गावासमोर घालणारा माणूस रक्ताविषयी खोटं कशाला बोलेल, हे तिला कळलं होतं. मग लवू म्हणाला, मग सगळे म्हणाले, आणि घंटा कुणीतरी वाजवली.

काशीची मान वर होती. ती सरळ माझ्याकडे बघत होती, कित्येक महिन्यांनी. फरशीकडे मी बघत होतो.